मालिका उभी करणाऱ्याचेही नाव लक्षात राहावे

संपादक महोदय,

मालिका गाजली की कलाकार घराघरांत पोहोचतात, पण ती उभी करणारा माणूस श्रेयनामावलीतच राहून जातो. ब्रिटिश दिग्दर्शक-निर्माते ख्रिस्टोफर मोराहन (१९२९–२०१७) यांचे तसे होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

'द ज्युएल इन द क्राउन' ही १४ भागांची मालिका १९८४ साली ब्रिटनमध्ये आयटीव्ही या वाहिनीवर आली. पॉल स्कॉट यांच्या चार कादंबऱ्यांचा एवढा मोठा पट, भारतात येऊन केलेले चित्रीकरण, शिवाय झोहरा सेहगल आणि सईद जाफरी यांच्यासारखी आपली माणसे. निर्मिती मोराहन यांची आणि दिग्दर्शनही, जिम ओब्रायन यांच्या जोडीने. भारतातल्या इंग्रजी राजवटीच्या अस्ताची गोष्ट सांगताना गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांचे कौतुक करत बसणे सोपे होते. पण मालिकेतल्या हरी कुमारचा पोलीस कोठडीतला छळ आठवला की आजही पोटात कालवते. इंग्लंडमध्ये वाढलेला हा तरुण ना इकडचा, ना तिकडचा.

त्याआधी १९६६ मध्ये बीबीसीसाठी मोराहन यांनी 'टॉकिंग टू अ स्ट्रेंजर' केले होते. एकाच कुटुंबाचा एकच शनिवार-रविवार, चार नाटकांत, चौघांच्या नजरेतून! त्यात अभिनेत्री जुडी डेंच होत्या. पुढे ते बीबीसीच्या नाटक विभागाचे प्रमुख झाले, लंडनच्या नॅशनल थिएटरमध्येही रमले.

आपल्या वृत्तपत्रात जुन्या मालिकांवर लिहिले जाते, तेव्हा दिग्दर्शक-निर्मात्यांनाही चार ओळी द्याव्यात, ही विनंती.

– एक वाचक, पुणे