गल्ल्याचे आकडे आणि भुताचा खर्च

कमी खर्चातल्या भयपटाने अमुक कोटींचा गल्ला जमवला, की तो लगेच ‘सुपरहिट’ ठरतो. पण २०० रुपयांच्या तिकिटातला १८ टक्के जीएसटी वगळला, तर उरतात जेमतेम १६९ रुपये. त्यातले साधारण निम्मे पहिल्याच आठवड्यात मल्टिप्लेक्सचे, आणि पुढच्या आठवड्यांत त्यांचा वाटा वाढत जातो. म्हणजे ५ कोटींच्या चित्रपटाला निव्वळ खर्च भरून काढायला १० कोटींहून जास्त गल्ला हवा. शिवाय जाहिरात वेगळीच. भूत स्वस्तात मिळतं, पोस्टर नाही!

तरी निर्माते भयपटाकडे वळतात, कारण इथे मोठा नट लागत नाही. एक वाडा, अंधार आणि चांगला ध्वनी पुरतो. शिवाय भयपटाचं आयुष्य मोठं. ‘तुंबाड’ २०१८ मध्ये फारसा चालला नाही, पण २०२४ च्या पुनर्प्रदर्शनात त्याने आधीपेक्षा जास्त कमावलं.

मराठी भयपटाला मात्र ठाण्यात सकाळी पावणेअकराचा खेळ मिळतो. बाहेर लख्ख ऊन, आत आम्ही सात जण. संपादक महोदय, आपण बातमीत गल्ल्यासोबत निर्मात्याच्या हाती पडलेली रक्कमही छापाल का?

— एक वाचक, नौपाडा, ठाणे