टिपिकल फ्लोअर पक्का करण्याआधी खालचा मजला तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वरळीच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत राहिलेल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये उंच इमारतींतल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. मुंबई-ठाण्यातल्या कितीतरी जुन्या सोसायट्याही आता पुनर्विकासाच्या याच वाटेवर आहेत. त्यांच्या सभांमध्ये वाद होतो तो कार्पेट एरिया, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारा निधी) आणि भाड्यावर. नकाशा मात्र दहा मिनिटांत मंजूर होतो.

उंच इमारतीत मजला एकच आखतात आणि तोच खालून वरपर्यंत चढवतात; त्यालाच टिपिकल फ्लोअर म्हणतात. बेडरूमची खिडकी अरुंद डक्टकडे, म्हणजे इमारतीतल्या उभ्या पोकळीकडे, काढली, तर ती चूक चाळीस घरांच्या वाट्याला येते. त्यात आता पुष्कळ ठिकाणी ॲल्युमिनियम शटरिंग (साचे) वापरून भिंती आणि स्लॅब एकत्रच ओततात. या भिंती काँक्रीटच्या आणि भार पेलणाऱ्या असतात, त्यामुळे साच्याची ऑर्डर गेल्यावर खिडकी फूटभर सरकवणेही अवघड होऊन बसते. तपासणी करायची ती त्याआधीच.

साधा हिशेब पाहा. उत्तर-दक्षिण रेषेत १२० मीटर उंचीच्या दोन इमारती आहेत आणि मध्ये १८ मीटर मोकळी जागा आहे. २१ डिसेंबरला भर दुपारी मुंबईत सूर्य क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर असतो, म्हणजे पुढच्या इमारतीची सावली सुमारे ११० मीटर पडते. मागच्या इमारतीच्या चाळीसपैकी वरच्या जेमतेम सहा मजल्यांवर ऊन येते. तळमजल्याच्या खिडकीतून आकाशाची आठेक अंशांची फट दिसते. तरीही प्रकाशाचा अहवाल बहुधा मधल्या एखाद्या मजल्याचा असतो, नाहीतर सगळ्या मजल्यांची सरासरी सांगितली जाते. खालच्या बिऱ्हाडाला सरासरीचा काय उपयोग?

याची किंमत गोवंडी-मानखुर्दने मोजली आहे. तिथल्या पुनर्वसन वसाहतींत २२५ चौरस फुटांची घरे आणि दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरची गल्ली आहे. प्रकाश आणि वारा संगणकावर मोजून ते आकडे क्षयरोगाच्या नोंदींशी ताडून पाहणारा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. दाटीची रचना आणि आजार यांचा संबंध त्यात स्पष्ट दिसला.

हीच मोजणी बांधकामाआधी करता येते. नकाशाचे त्रिमितीय मॉडेल करायचे, रेडियन्स या सॉफ्टवेअरवर प्रकाश आणि ओपनफोम या सॉफ्टवेअरवर वारा तपासायचा. मग जिना-लिफ्टचा गाभा, डक्टची रुंदी, घरांचा क्रम, खिडकीची जागा आणि उंची हे बदलते घटक ठरवून ग्रासहॉपरसारख्या, घटक बदलून आपोआप नवे आराखडे काढणाऱ्या प्रणालीत शेकडो पर्याय काढून पाहायचे. बऱ्याचदा थोडक्यात काम होते. पॅसेजचे बंद टोक उघडले, किंवा कोपऱ्यातल्या खोलीला एकाऐवजी दोन भिंतींत खिडक्या दिल्या, तर वाऱ्याला आत यायला आणि बाहेर पडायला वाट मिळते. एकाच बाजूने उघडणाऱ्या खोलीत वारा छताच्या उंचीच्या साधारण दुप्पट अंतरापर्यंतच पोचतो, म्हणजे साडेपाच मीटर. त्यापलीकडचे स्वयंपाकघर कोंदटच राहते.

यंत्राने सुचवलेले सगळेच घेण्यासारखे नसते. मुख्य दारावर झडप ठेवली की हवा खेळते, पण आग लागली तर धूर त्याच वाटेने पॅसेजमध्ये भरेल. प्रकाशाच्या गुणांत पहिला आलेला पर्याय पलंग आणि कपाट मांडून पाहिला की दार उघडत नाही. हे हातानेच तपासावे लागते.

आणि आकडे फसतात ते मॉडेलमध्ये भरलेल्या माहितीमुळे. शेजारचा प्लॉट आज रिकामा आहे म्हणून मॉडेलमध्येही रिकामा ठेवतात, आणि पाच वर्षांत तिथे विक्रीचा टॉवर उभा राहतो. वाऱ्याची नोंद विमानतळाच्या मोकळ्या मैदानावरची असते, ती गल्लीला जशीच्या तशी लावतात. १२० मीटरच्या इमारतीसाठी चारी बाजूंचा किमान ६०० मीटरचा परिसर आणि वारा पुढे जातो त्या बाजूला १८०० मीटर घ्यायला हवेत; वेळ वाचवायला यालाच कात्री लागते.

सर्वांत नेहमीची चूक खिडकीची. दोन ट्रॅकची चार बाय चार फुटांची सरकती खिडकी नकाशात १६ चौरस फूट धरतात, पण उघडते ८. त्यावर जाळी बसली की वारा आणखी घटतो. उष्ण-दमट हवामानात उघडणारे क्षेत्र कार्पेट एरियाच्या किमान १६.६६ टक्के असावे, असे २०१८ ची इको निवास संहिता (घरांच्या ऊर्जाबचतीची केंद्र सरकारची नियमावली) सांगते. ५०० चौरस फुटांच्या घराला हे ८३ चौरस फूट होतात. अशा अकरा खिडक्या लावाव्या तेव्हा कुठे हिशेब जुळेल; बिजागरीची खिडकी जवळजवळ पूर्ण उघडते, त्यामुळे साधारण निम्म्यात भागते.

म्हणून सोसायट्यांना कळकळीची विनंती आहे. शटरिंगची ऑर्डर जाण्याआधी सर्वसाधारण सभेत नकाशाबरोबर तीन कागद मागा: राहत्या सर्वांत खालच्या मजल्यावरचा प्रत्येक खोलीतला प्रकाश, त्याच मजल्यावरचा वारा, आणि शेजारच्या प्लॉटवर मंजूर उंचीची इमारत उभी आहे असे धरून या दोन्हींचे आकडे. म्हाडाने आपल्या पुनर्विकास प्रकल्पांच्या निविदांतच ही अट घालावी.

— संगणकीय विश्लेषणाचे काम करणारे काही वास्तुरचनाकार, मुंबई