गडकरी साहेब, ती नीलगाय नव्हतीच

मा. गडकरी साहेब, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री,
सप्रेम नमस्कार.

मी निफाड तालुक्यातला, दोन ट्रकचा मालक. मालक नावालाच, एका गाडीचे हप्ते अजून चालू आहेत. हंगामात टोमॅटो आणि एरवी कांदा घेऊन गाड्या दिल्लीला आझादपूर मंडीत जातात, तेराशेच्या आसपास किलोमीटर पडतं, आणि टोमॅटोला टाइम बांधून असतो, आज रात्री भरला की परवा पहाटेच्या बाजाराला लागलाच पाहिजे, नाहीतर भाडं कापलं.

२०२१ च्या टोमॅटो हंगामात माझी गाडी मध्य प्रदेशातल्या गुणा गावाच्या पुढं रात्री बाराच्या सुमारास उभ्या ट्रेलरला मागून जाऊन धडकली. क्लिनर, आमच्याकडं किन्नर म्हणतात, जागेवर गेला, एकोणीस वर्षांचं पोरगं. ड्रायव्हरचा डावा पाय गुडघ्यापासून काढला. पोलिसांच्या कागदावर कारण काय आहे तर नीलगाय आडवी आली (तुमच्या विदर्भात रोही म्हणतात). ती नीलगाय मी आणली साहेब. ड्रायव्हर दवाखान्यात मला म्हणला होता, मालक, दोन टायमाची एकदम घेतली होती. मी म्हणलं गप, हे कुणाला बोलू नको, नशेचं नाव निघालं की विम्यावाले हात वर करतील.

काय घेतली होती ते मला माहीत होतं. एकदा त्याच्याबरोबर दिल्लीपर्यंत गेलो होतो, तेव्हा इंदूर सोडल्यावर ढाब्यावर त्यानं खिशातून चुन्याच्या डबीएवढी डबी काढली, आत कॉफीसारखी तपकिरी पूड, चमचाभर तोंडात टाकली, तोंड वाकडं केलं आणि वरून गरम चहा. मला वाटलं पोटाचं चूर्ण असंल. तो हसला, म्हणला डोडा आहे, अफूच्या बोंडाची पूड. अंग दुखत नाही, भूक लागत नाही, गाडी आपोआप चालते. मंदसौर-नीमचचा अफू पिकवणारा पट्टा तिथून लांब नाही, आणि अफूच्या शेतीचं लायसन देणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचं हेड ऑफिस ग्वाल्हेरला, आमच्याच रोडवर. आता काय बोलायचं.

ड्रायव्हर लोकांचा समज असतो की यानं झोप उडते. झोप उडत नाही हो, दुखणं फक्त कळेनासं होतं, डोळे उघडे राहतात पण पाय ब्रेकवर जायला उशीर होतो. आणि रोजची सवय लागली की उलटं होतं, नाही मिळाली तर नाक गळतं, जांभया येतात, पिंढऱ्या तुटतात, तो माणूस तसाही गाडी चालवू शकत नाही. म्हणजे घेतली तरी धोका, नाही घेतली तरी धोका. अशाला नुसता जेलात टाकून काय होणार, त्याला औषधोपचार लागतो, आणि उपचाराला सुट्टी कोण देणार, मी? त्या वेळी मी दिली नसती, खरं सांगतो.

रस्ता सुरक्षेचं काम करणाऱ्या सेव्ह लाइफ फाउंडेशनचा २०२० चा ट्रक ड्रायव्हरांचा सर्व्हे आहे, त्यात २२ टक्क्यांहून जास्त ड्रायव्हरांनी स्वतःहून सांगितलं की आम्ही काहीतरी नशा करतो. हे सांगणारे झाले, न सांगणारे वेगळे. आणि तुमच्या मंत्रालयाचा अपघातांचा वार्षिक रिपोर्ट येतो त्यात दारू आणि ड्रग्ज एकाच रकान्यात घातलेत. त्यातही माझी गाडी नसणार, कारण नीलगाय. माझ्यासारखे किती मालक असतील मोजा. रस्त्यात अडवलं तरी पोलीस फुंकर मारायला लावतात, त्या मशीनला दारू कळते, अफू नाही कळत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मधे दारूचा आकडा आहे, १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम, आणि ड्रग्जला काय तर गाडीवर नीट ताबा ठेवता न येण्याइतका अंमल. आता रात्री दोन वाजता टोलनाक्यावरच्या हवालदारानं तो कसा ठरवायचा. लाळेवरून तपासायचे किट मिळतात, ते द्या की नाक्यानाक्यावर.

पण किट दिलं की सापडणार ड्रायव्हर आणि फोन करणारा मी घरी झोपलेला. अपघाताच्या दिवशी सेंधव्याच्या घाटात गाडी सहा तास जाममधे अडकली होती, मीच फोन केला, टाइम कव्हर कर, हजार रुपये वर देतो. गाडीत किन्नर होता, पण ड्रायव्हर एकच. आधी नॅशनल परमिटच्या गाडीला दोन ड्रायव्हर लागायचे, २०१८ मधे तुमच्याच खात्यानं ती अट काढली, आम्ही मालक लोक लय खूश झालो होतो, एक पगार वाचला. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा, २०२५ पर्यंत होता तो, सांगायचा दिवसाला आठ तास. ई-वे बिलात, म्हणजे माल वाहतुकीच्या ऑनलाइन परवान्यात, सरकार २०० किलोमीटरला एक दिवस धरतं (भाजीला ई-वे बिल लागत नाही, ते सोडा). आणि बाजार म्हणतो तेराशे किलोमीटर परवा पहाटे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकला एसी केबिन कंपल्सरी केली, चांगलंच केलं, पण थंडगार केबिनमधे तीस तास बसला तरी माणूस तो माणूसच.

फास्टॅगमधे सगळं दिसतं साहेब. कुठला टोल किती वाजता, पुढचा किती वाजता, गाडी मधे झोपण्याइतकी थांबली का नाही. एक ड्रायव्हर असलेली गाडी न थांबता पळतेय हे कॉम्प्युटरला कळत असेल तर नोटीस मालकाला आणि माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला पाठवा, बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, टाइम लिहिणाऱ्याचं नाव येऊ द्या. लांबच्या पल्ल्याला दोन ड्रायव्हर परत सक्तीचे करा, भाडं वाढंल, टोमॅटो किलोमागं थोडा महाग होईल, ओरड होईल, पहिला मीच ओरडंन कदाचित.

माझा जुना ड्रायव्हर आता पिंपळगावला पंक्चरच्या दुकानात बसून ट्यूब घासतो. किन्नरच्या आईला मी अजून खरं सांगितलेलं नाही.

त्या अपघाताचा जबाब मी बदलून द्यायला तयार आहे, कुठं यायचं ते कळवा. विम्याचे पैसे परत मागितले तर तेवढे हप्ते पाडून द्या.

आपला,
एक गाडीमालक, ता. निफाड, जि. नाशिक