खडकावरचं गलबत बघायला जाण्याआधी

ती. बाबा आणि आईस साष्टांग नमस्कार,

मार्गशीर्षात कुंभार्ली घाट उतरून खडकावरचं ते गलबत बघायला निघताय, हे ऐकून फार आनंद झाला. बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, एवढं सागवानी गलबत एका धडकेत फुटलं कसं? एका धडकेत ते फुटत नाही.

मुळात शिडाची अडचण. आपल्या किनाऱ्यावरच्या गलबताचं तिरपं शीड वाऱ्याच्या तोंडावरून सहज वळत नाही. बाजू बदलायची तर वारा पाठीवर घेऊन लांब वळसा मारावा लागतो आणि त्यात गलबत बरंच वाहवतं. दुपारी खारे वारे सुटलेले असले की हे वाहवणं थेट किनाऱ्याकडे. मग नांगर टाकतात. कातळाच्या तळाला तो धरत नाही, आणि धरलाच तर काथ्याचा दोर कातळाच्या धारेवर घासून तुटतो.

पुढचं काम लाटांचं. प्रत्येक लाट गलबत उचलते आणि परत आपटते. तळाचा कणा, म्हणजे पठाण, आधी सरकतो. त्याला जोडलेले वांक, म्हणजे गलबताच्या फासळ्या, हलतात, फळ्यांच्या सांध्यांत ठासलेला कापूस निघून येतो. उधाणाच्या भरतीला चढलेलं गलबत तर फारच वाईट अडकतं. नंतरच्या भरत्या उतरत जातात, तेवढं पाणी पुन्हा यायला पंधरवडा लागतो. तोवर वरच्या फळ्या उन्हाने आकसतात. बैलगाडीचं चाक उन्हाळ्यात खिळखिळं होतं ना, तसंच. पोटात तांदूळ असेल तर तो भिजून फुगतो आणि आतून फळ्या ढकलतो. माल उतरवून गलबत हलकं करणं हा खरा उपाय, पण त्या लाटांत शेजारी होडी लावणार कशी?

लाकूड तिथे फारसं दिसणार नाही. उघडं लाकूड टेरेडो पोखरतो. लोक त्याला किडा म्हणतात, पण तो शिंपल्याच्या जातीचा जीव आहे. गाळात रुतलेला भाग तेवढा टिकतो. स्वीडनचं वासा जहाज १६२८ साली बुडालं आणि १९६१ साली जवळजवळ अखंड वर काढलं, कारण बाल्टिकच्या कमी खाऱ्या पाण्यात टेरेडो तग धरत नाही.

आई, आठवण म्हणून फळीचा तुकडा मात्र उचलू नकोस. पाणी मुरलेलं लाकूड आपल्या सातारच्या कोरड्या हवेत चिरफाळून जातं. वासाचं लाकूड तसं चिरफाळू नये म्हणून त्यावर १७ वर्षं पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे रसायन फवारावं लागलं होतं.

त्यापेक्षा गलबतातल्या मालाची कौलं दिसतात का बघा. मंगलोरी कौलांवर कारखान्याचा शिक्का असतो. बासेल मिशन या मिशनरी संस्थेचा मंगळूरचा कारखाना १८६५ साली सुरू झाला. तो शिक्का दिसला तर गलबत त्यानंतर फुटलेलं. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि कौल होतं तिथेच राहू द्या.

तिथी द्वितीया-तृतीयेची धरा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते: तृतीयेला सव्वादोन, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वाआठ-साडेआठला, आणि पाणीही खूप मागे जातं. अष्टमीला जाऊ नका, भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं, पाणी पुरेसं हटत नाही. साडेसातला खडकावर असा, बुटांचे तळवे खडबडीत हवेत. नऊनंतर थांबू नका. भरतीचं पाणी समोरून येताना दिसतं, पण आधी भरते ती पाठीमागची घळ, आणि परतीची वाट तिच्यातूनच असते.

तुमची लेक