पासिंगच्या वेळी चासीही तपासली जावी

महोदय,

गाडी पासिंगला, म्हणजे फिटनेस तपासणीला, नेण्याआधी तिच्या खालच्या बाजूला काळ्या रंगाचा हात मारून घेण्याची पद्धत सर्रास रूढ आहे. कोकणातल्या खाऱ्या हवेत गंज झाकणारी ही रंगरंगोटी प्रवाशांच्या जिवावर बेतू शकते, म्हणून हे पत्र.

ट्रक आणि बहुतेक बसगाड्यांचा सारा भार चासीवर, म्हणजे पन्हाळीसारख्या दोन लांब पोलादी पट्ट्यांवर आणि त्यांना सांधणाऱ्या आडव्या तुकड्यांवर असतो. जास्त माल भरता यावा म्हणून पुष्कळदा या पट्ट्यांना आतून दुसरी पट्टी जोडली जाते. दोहोंमधल्या फटीत चिखल आणि खारे पाणी साचते, आणि गंज मूळ पोलादापेक्षा अधिक जागा व्यापत असल्याने तो पट्ट्यांना एकमेकींपासून रेटत राहतो व त्यांना जोडणाऱ्या रिव्हेटांवर ताण आणतो. वरून रंग चकचकीत दिसतो. हातोडी मारली तर मात्र खणखणीत नादाऐवजी बद्द आवाज येतो आणि खपल्या गळतात. तडा गेला की तिथेच वेल्डिंग मारून गाडी रस्त्यावर आणली जाते. पण त्या उष्णतेने शेजारच्या पोलादाची ताकद घटते आणि पुढचा तडा बहुधा वेल्डिंगच्या कडेपासूनच सुरू होतो. पट्टीच्या वरच्या आणि खालच्या कडांवर सर्वाधिक ताण येत असल्याने तेथे भोक पाडू नये, अशी सूचना उत्पादक देतात. बॉडी बांधताना ती किती ठिकाणी पाळली जाते, हे कोणत्याही गॅरेजात वाकून पाहिले तरी कळेल.

व्यावसायिक गाडीची आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी तपासणी होते. ब्रेक, दिवे, धूर मोजायला आता यंत्रे आली आहेत, हे स्वागतार्हच आहे. चासीची भिस्त मात्र अजून डोळ्यांवर आहे. चासी नंबरचा ठसा कागदावर पेन्सिल घासून काळजीपूर्वक घेतला जातो, पण त्याच पट्टीवर वीतभर अंतरावर पडलेली चीर रंगाखाली दडून राहते.

परिवहन विभागाला विनंती आहे की, किमान किनारपट्टीच्या जिल्ह्यांत आठ वर्षांवरील गाड्या, त्यातही शाळेच्या बसगाड्या, खालून पाहता येईल अशा तपासणीच्या खड्ड्यावर घेऊन, रंग खरवडून आणि हातोडीने ठोकून तपासाव्यात, आणि चासीवर झालेल्या प्रत्येक वेल्डिंगची नोंद फिटनेस प्रमाणपत्रावर सक्तीची करावी.

आपला विश्वासू,
एक वाचक, रत्नागिरी