मोठे बाबू, पोरापोरींच्या अर्जांवर चालवलेल्या लाल पेनाबद्दल

आदरणीय मोठे बाबू,
सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयाच्या कार्यालयातून निवृत्त झालेला माणूस वावर पाहतो, नातवंडं खेळवतो. तुम्ही तालुक्याच्या वाचनालयात एक टेबल धरलं. कोणाचा निकाल अडकलेला, कोणाची शिष्यवृत्ती परत आलेली, कोणाचं परीक्षा शुल्क दोनदा कापलेलं. अशा पोरापोरींचे अर्ज तुम्ही दुरुस्त करत बसता, तेही चहासुद्धा स्वतःच्या पैशाने पिऊन. त्याबद्दल हे आभारपत्र. जाहीर अशासाठी लिहितो आहोत की मेळघाटातल्या, झाडीपट्टीतल्या, सिरोंच्याकडच्या लेकरांना तुमच्या टेबलापर्यंत येणं जमत नाही; तुमची रीत तरी त्यांच्यापर्यंत पोचावी.

"रडगानं नोका लिवू, मांगनं काय हाये थे लिवा." पहिल्या मसुद्यावर तुमची लाल रेघ बहुतेक वेळा इथेच पडते. 'मी गरीब शेतकऱ्याचा मुलगा असून माझ्यावर घोर अन्याय झाला आहे' हे खरं असलं तरी त्यावर कोणत्याही बाबूला काही करता येत नाही. तुम्ही त्याजागी लिहून घेता: 'उन्हाळी परीक्षेच्या निकालात अमुक विषयात मला गैरहजर दाखवले आहे. मी त्या पेपरला हजर होते. केंद्रावरील हजेरीपटावर माझी सही व उत्तरपत्रिकेचा क्रमांक नोंदलेला आहे. तो तपासून सुधारित गुणपत्रिका मिळावी.' झाला अर्ज. विषयाच्या ओळीत आसन क्रमांक, नामांकन क्रमांक, अभ्यासक्रम, सत्र आणि विषयाचा कोड, कारण परीक्षा विभागात एकाच नावाचे दहा जण सापडतात, आसन क्रमांकाचा एकच. आणि एका अर्जात एकच मागणी. निकाल, शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाची खोली एकाच कागदावर मागितली, की टिप्पणी कोणी लिहायची हेच ठरत नाही आणि कागद पहिल्याच टेबलावर पडून राहतो.

टेबल ओळखायला तुम्ही जे शिकवलंत, त्याचे उपकार सर्वात मोठे. गुणपत्रिकेत अंतर्गत गुणांच्या रकान्यात शून्य किंवा रेघ असेल तर विद्यापीठाच्या चकरा व्यर्थ. ते गुण महाविद्यालयाने भरायचे असतात. म्हणून अर्ज प्राचार्यांना, आणि मागणी अशी की 'गुण विद्यापीठाकडे पत्राने पाठवावेत व त्या पत्राची जावक क्रमांकासह प्रत मला द्यावी.' निकाल राखून ठेवला असेल तर आधी कारण पाहायचं. दुसऱ्या विद्यापीठातून किंवा मंडळातून आलेल्यांचं स्थलांतर प्रमाणपत्र किंवा पात्रतेचा कागद राहिलेला असतो, तिथे तक्रार करून काही होत नाही, कागद भरावा लागतो. नावातली, आईच्या नावातली चूक मात्र गुणपत्रिका हातात पडल्या पडल्या सांगावी. पदवी छापून आल्यावर तीच दुरुस्ती खर्चिक आणि लांबट होते.

विद्यापीठाला जाणारा अर्ज 'मार्फत: प्राचार्य' असा पाठवायचा आणि एक आगाऊ प्रत थेट परीक्षा विभागाला द्यायची, ही तुमची युक्ती नियमातलीच आहे. प्राचार्यांच्या टेबलावर कागद अडकला तरी तारीख सुरू झालेली असते.

आणि तो ठप्पा. दोन प्रती काढायच्या, एक आवक विभागात द्यायची, दुसरीवर गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही मागून घ्यायची. 'ठेवून जा, पाहतो' म्हणाले तर हसून उभं राहायचं. शिक्क्याची शाई फिकी असते, तारीख पुसट उठते, म्हणून ती शेजारी पेनने लिहून घ्यायची आणि तिथेच मोबाइलवर फोटो काढायचा. लांबच्यांनी टपालाने पाठवावं. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा आता स्पीड पोस्टच करायचं. पावती अर्जाच्या प्रतीला टाचायची आणि पोचल्याची नोंद छापून ठेवायची. मूळ गुणपत्रिका, मूळ जातवैधता, मूळ काहीही अर्जाला जोडायचं नाही. जोडायच्या त्या स्वसाक्षांकित प्रती, त्यांना क्रमांक, आणि अर्जाच्या तळाशी त्यांची यादी. यादी नसली तर 'जोडपत्र मिळाले नाही' हे उत्तर अगदी सोपं पडतं.

गुण कमी पडल्याची कैफियत घेऊन येणाऱ्यांशी तुम्ही जरा कडक वागता, आणि ते बरोबर आहे. उत्तरपत्रिकेची छायाप्रत, फेरमोजणी, पुनर्मूल्यांकन यांची मुदत निकालानंतरच्या अधिसूचनेत दिलेली असते आणि ती उलटली की विनवणीचा उपयोग नसतो. छायाप्रत आधी घ्यावी: बेरीज चुकली, पुरवणी मोजली नाही किंवा एखादं उत्तर तपासायचंच राहिलं, हे कागदावर दिसतं. त्या वाटेने प्रत मिळाली नाही तर माहिती अधिकार आहे. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ च्या निकालात मान्य केला आहे. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांत असावा लागतो, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. उत्तर ३० दिवसांत. न आल्यास पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील. त्यापुढचं दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या अमरावती किंवा नागपूर खंडपीठाकडे. मात्र उत्तरपत्रिका कायमच्या ठेवत नाहीत, ठराविक काळाने नष्ट करतात, त्यामुळे हा अर्ज पुढच्या सत्रावर ढकलू नये. 'मला कमी गुण का दिले' असा प्रश्न विचारला तर उत्तर 'ही माहिती नाही' असंच येणार. कागद मागायचा, कारण मागायचं नाही.

अर्जाने काम झालं नाही की तक्रार. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या एप्रिल २०२३ च्या विनियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी: अध्यक्ष प्राध्यापक, चार प्राध्यापक किंवा ज्येष्ठ शिक्षक, आणि विशेष निमंत्रित म्हणून एक विद्यार्थी. त्यात किमान एक महिला आणि किमान एक अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातली व्यक्ती असली पाहिजे. जाहीर केल्यापेक्षा जास्त शुल्क, अडवून ठेवलेली मूळ कागदपत्रं, लांबलेली शिष्यवृत्ती, वेळेत न लागलेला निकाल हे सगळं तिच्या कक्षेत येतं. निकालाबद्दल तर राज्याच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्याचं कलम ८९ सरळ सांगतं: परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, उशिरात उशिरा ४५ दिवसांत. हे कलम तक्रारीत लिहिलं की भाषा आपोआप शांत होते, हे आम्ही तुमच्या टेबलावरच पाहिलं.

समितीने शक्यतो १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्यावर समाधान नसेल तर विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालाकडे अपील, निर्णय मिळाल्यापासून १५ दिवसांत. तुम्ही दर वेळी इथे बोट ठेवता: समितीचे दिवस कामाचे, आपले दिवस साधे. रविवार, पोळा, दिवाळी सगळं आपल्या खात्यात मोजलं जातं. म्हणून निर्णयाच्या पाकिटावर मिळाल्याची तारीख लगेच टाकायची. अपिलात तक्रार पुन्हा उतरवून काढणं ही नेहमीची चूक. समितीने कोणतं कारण दिलं, ते कोणत्या जोडपत्राने खोडलं जातं, एवढंच लिहायचं. निव्वळ गुणांचा किंवा बेरजेचा वाद लोकपाल ऐकत नाहीत. निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो.

शिष्यवृत्तीचं दुखणं वेगळं. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचा अर्ज त्रुटीसाठी परत येतो आणि संदेश जातो जुन्या, बंद पडलेल्या नंबरवर. नाहीतर पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात पडलेले असतात आणि पोरगं भलतंच पासबुक भरून पाहत असतं. ही दोन्ही पाहून मगच महाविद्यालयाच्या बाबूशी भांडायला जावं. तिथे नाही सुटलं तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याने समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे, जमातीच्या विद्यार्थ्याने आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे जावं.

रॅगिंग असेल तर ही सगळी पायरी-पायरी सोडायची: १८००-१८०-५५२२ हा क्रमांक, आणि प्राचार्यांना लेखी. लैंगिक छळाची तक्रार महाविद्यालयातल्या अंतर्गत समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. हे अर्ज तुम्ही टेबलावर चारचौघांत वाचत नाही, बाजूला बसवून वाचता, त्याबद्दल मुलींच्या आयांनी वेगळा नमस्कार सांगितला आहे.

कोर्टाचं नाव तुम्ही शेवटी काढता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका करता येते, पण 'आधी समिती आणि लोकपालाकडे गेला होता का' हा प्रश्न तिथे पहिला येतो, आणि उत्तर म्हणून ठप्प्याच्या प्रती लागतात. वकिलाची फी झेपत नसेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत अर्ज करावा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ग्राहक आयोगात जाण्याचा सल्ला गावात पुष्कळ जण देतात. परीक्षा घेणं ही ग्राहक कायद्यातली सेवा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच म्हटलं आहे. तो खर्च वाचवावा.

बाबूजी, हिवाळी परीक्षेचे निकाल लागले की गर्दी पुन्हा वाढेल. म्हणून सोबत तीन कोरे नमुने जोडले आहेत: गैरहजर नोंद दुरुस्ती, अंतर्गत गुण आणि लोकपालाकडचं अपील. तिसऱ्यात जोडपत्रांची यादी अपिलाच्या आधी ठेवावी की शेवटी, यावर आमच्यात एकमत नाही. लाल पेन चालवून पुढच्या बाजाराच्या दिवशी परत द्यावेत. झेरॉक्सवाल्याशी बोलून ठेवलं आहे.

आपली,
वाचनालयातली पोट्टी

सहपत्रे: वरीलप्रमाणे ३