एंडोस्कोपीच्या अहवालात प्रकाशाचीही नोंद हवी

महोदय,

गेल्या महिन्यात वडिलांची एंडोस्कोपी झाली, तेव्हा मी पडद्यासमोरच उभा होतो. पांढऱ्या प्रकाशात जठराचे अस्तर सगळीकडे सारखेच गुलाबी दिसत होते. डॉक्टरांनी दुर्बिणीच्या मुठीवरचे एक बटण दाबले आणि चित्र हिरवट-तपकिरी झाले. मघाशी नजरेतून सुटलेला नखाएवढा चट्टा लगेच उठून दिसला. तिथलाच तुकडा तपासणीला पाठवला.

या पद्धतीला ‘नॅरो बँड इमेजिंग’ म्हणतात; यात पांढऱ्या प्रकाशाऐवजी फक्त ठरावीक निळा आणि हिरवा प्रकाश टाकतात. रक्तातले हिमोग्लोबिन ४१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा निळा आणि ५४०च्या आसपासचा हिरवा प्रकाश चांगला शोषते. निळा प्रकाश खोल जात नाही, त्यामुळे वरच्या थरातल्या केशवाहिन्या तपकिरी दिसतात. हिरवा थोडा आत शिरतो, तिथल्या जाड वाहिन्या निळसर दिसतात. कर्करोगाच्या अगदी सुरुवातीला बदलते ती याच बारीक वाहिन्यांची नक्षी! मात्र जठर ऐसपैस असते. हा प्रकाश लांबवर अंधूक पडतो. म्हणून आधी पांढऱ्या प्रकाशात सगळे नीट पाहून मग संशयित जागेजवळ जावे लागते. याला वेळ लागतो.

याआधी दुसरीकडे हीच तपासणी घाईघाईत उरकून वडिलांना ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या अहवालात एकच ओळ होती: ‘विशेष काही नाही’. कोणत्या प्रकाशात आणि किती मिनिटे पाहिले, एवढे तरी प्रत्येक रुग्णालयाने अहवालात लिहावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा